नोकरीचं काही खरं नाही म्हणून क्लास काढायचा म्हणता?

मी नागपुरात टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) आणि जीएसटी शिकवते. मागच्या काही महिन्यांत मला एकाच टाइपचे फोन येऊन राहिले. कोणी बँकेतून व्हीआरएस घेतलेलं, कोणी बुटीबोरीच्या कंपनीत स्टोअर सांभाळणारं, एक तर प्रिंटिंगवाले भाऊ, अर्धं आयुष्य डीटीपीत गेलेले. सुरुवात सगळ्यांची सारखीच. "ताई, आमच्याकडे नवीन सॉफ्टवेअर आलं, आता आपलं काही खरं नाही, तुम्ही कशा शिकवायला लागल्या तसं मलाही जमेल का?" प्रत्येकाला फोनवर तासभर सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून टाकते, पुढे कोणी विचारलं की हेच पाठवून देईन.

जमेल. पण काम सोडून नाही. हे खरं तर शेवटी सांगायचं होतं, पण तोपर्यंत कोण वाचतं, म्हणून आधीच सांगितलं.

माझं थोडक्यात असं. हिंगणा रोडवर लोखंडाच्या एका व्यापाऱ्याकडे मी अकाउंट्सला होते, कॉलेज संपल्या संपल्या लागलेली. एप्रिल २००५ मध्ये महाराष्ट्रात व्हॅट, म्हणजे जीएसटीच्या आधीचा विक्रीवरचा कर, आला तेव्हा मी तिथे नवीन होते, रजिस्टरं हातानेच लिहायचो, मग टॅली आलं, आणि मग १ जुलै २०१७ ला जीएसटी. त्या वेळी ऑफिसात कोणालाच काही कळत नव्हतं आणि जीएसटीचं सरकारी पोर्टल बसलं की तासन्‌तास उठायचं नाही, तर मी रात्री घरी वाचायचे आणि सकाळी चहाच्या वेळी बाकीच्यांना सांगायचे. नंतर शेजारचे ट्रान्सपोर्टवाले विचारायला यायला लागले, कारण एप्रिल २०१८ पासून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या ५० हजारांवरच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे गाडीसोबतचा ऑनलाइन काढलेला कागद, कम्पल्सरी झालं, आणि नागपूरची गाडी शिवनीकडे निघाली की दोन तासांत मध्य प्रदेश लागतो, मग रात्री अकराला ड्रायव्हरचा फोन, मॅडम गाडी अडवली. शिकवणं म्हणतात ते तिथूनच सुरू झालं असावं, तेव्हा मला तसं वाटत नव्हतं एवढंच.

मग मालकाच्या मुलाने असं सॉफ्टवेअर आणलं की बिलाचा फोटो काढला की पर्चेसची एंट्री आपोआप, बँकेचं स्टेटमेंट टाकलं की मॅचिंग आपोआप. पाच जणांचं काम दोघांवर आलं. मला काढलं नाही, अर्धा वेळ या म्हणाले, पगारही अर्धा. राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण उरलेल्या अर्ध्या वेळेचं करायचं काय हा प्रश्न होता, आणि ओळखीच्या एका बाईंचा दोसर वैश्य चौकाजवळ कॉम्प्युटर इन्स्टिट्यूट होता, त्यांना जीएसटी शिकवणारं कोणी टिकत नव्हतं.

आता बॅचेसचं सांगते कारण यातच निम्मी गोष्ट आहे. मोठ्या माणसांचा क्लास त्यांच्या पोटापाण्याच्या वेळा बघून ठेवावा लागतो. इतवारी-गांधीबागच्या दुकानांत काम करणारे सकाळी येतात, दुकान उघडायच्या आत. एमआयडीसीवाले संध्याकाळी, लोकमान्य नगरहून मेट्रोत बसले की थेट इथे उतरतात, मेट्रो नव्हती तेव्हा हिंगण्याहून एवढ्या लांब ड्युटी करून कोणी आलं नसतं. लग्नसराईत निम्मा वर्ग गायब. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते त्या दिवशी इतवारीकडचं कोणी येईल अशी अपेक्षाच ठेवायची नाही, मीच जाते बघायला. आणि मे महिन्यात कूलरच्या आवाजावर आवाज काढून शिकवायची तयारी पाहिजे.

आता दिवाणजी काकांचं सांगते. साठीला टेकलेले, इतवारीत किराण्याच्या होलसेलवाल्याकडे पोरवयापासून वह्या लिहिणारे. मालकाच्या मुलाने फर्मची प्रायव्हेट लिमिटेड केली, टॅली घेतलं, आणि काकांना सांगितलं की एक तर शिका नाहीतर घरी बसा, म्हणजे शब्द गोड होते पण अर्थ तोच. काका पहिल्या दिवशी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, खिशाला दोन पेन लावून आले आणि अगदी शेवटच्या कॉम्प्युटरवर बसले. कीबोर्डवर एक बोट. एंटर दाबायच्या आधी दरवेळी माझ्याकडे बघायचे.

एक दिवस प्रॅक्टिसला दिलेल्या एंट्रीत एका मुलीचा पार्टीचा, म्हणजे ज्याच्याशी व्यवहार त्या व्यापाऱ्याचा, बॅलन्स जुळेना. बी.कॉम. झालेली, चटपटीत पोरगी, स्क्रीन वरखाली करून थकली. मी तिकडे जायच्या आत काका मागून म्हणाले, "फरक किती येऊन राहिला?" ती म्हणाली २७००. "नवानं भाग जाते का? जाते. मंग आकडे उलटे पडले असतील कुठंतरी, पाह्य." बघितलं तर ४८,५०० च्या जागी ४५,८०० टाकलेले. अख्खा वर्ग वळून बघायला लागला. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले की फरकाला नेहमी ९ ने भाग जातो, हे जुन्या अकाउंटवाल्यांना पाठ असतं, पण त्या पोरीला तीन वर्षांच्या कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं.

त्याच दिवशी एडिट लॉगचं शिकवायचं होतं. कंपन्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून नियम आहे की अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल पाहिजे, म्हणजे कोणी कोणती एंट्री कधी बदलली याची नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता आली नाही पाहिजे. मी छान स्लाइड बनवून नेल्या होत्या. काकांना म्हटलं, आता ही चुकलेली एंट्री तुम्ही दुरुस्त करा. ते घाबरले, म्हणाले खोडल्यावर साहेबाला दिसंल ना. म्हटलं दिसंल, दिसायलाच पाहिजे. तर ते एकदम सरळ होऊन बसले. "आमच्याकडं बी खोडरबर चालत नव्हतं मॅडम. एक रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाह्यजे, वर बरोबर आकडा आन् बाजूला सही. पान फाडलं तर मालक मारायला उठे." म्हटलं काका, हे तेच आहे, फक्त सही कॉम्प्युटर करतो. स्लाइड उघडल्याच नाहीत. त्या दिवसानंतर एंटर दाबताना त्यांनी माझ्याकडे बघणं बंद केलं.

तर जे फोन करून विचारतात की आम्हाला शिकवता येईल का, त्यांना मी हेच विचारते, तुम्हाला समोरच्याकडे आधीपासून काय आहे ते ओळखता येतं का? विषय तुम्हाला येतोच, वीस वर्षं केलंय, न यायला काय झालं. पण समोर बसलेला माणूसही कशात तरी वीस वर्षांचा आहे. डिस्पॅचला काम करणारे एक भाऊ आहेत, त्यांच्या कंपनीचं ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल, दर थोड्या दिवसांनी अडकायचं, पिनकोड आणि राज्य जुळत नाही म्हणून एरर. ऑफिसातले पोरं पोर्टलला शिव्या देत होते. या भाऊंनी एरर वाचला आणि म्हणाले, ती पार्टी तर कधीची रायपूरला शिफ्ट झाली, माल मीच तिकडे पाठवतो, मास्टरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या कायमच्या नोंदीत, राज्य अजून महाराष्ट्रच असेल. तसंच निघालं. त्यांना फक्त मास्टर कुठून उघडतो तेवढं दाखवायचं होतं.

अमेरिकेत माल्कम नोल्स म्हणून एक शिक्षणतज्ज्ञ होऊन गेले, मोठी माणसं कशी शिकतात यावर त्यांनी आयुष्यभर काम केलं. अनुभव हीच त्यांची शिदोरी, हे का शिकायचं ते आधी कळलं पाहिजे, आणि आज शिकलेलं उद्या कामात आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. हे सगळं शंभर टक्के पटतं. पण मोठा माणूस आपलं शिकणं आपण ठरवतो असंही ते म्हणतात, तिथे माझं थोडं वेगळं मत आहे. नऊ तास उभं राहून आलेला माणूस काही ठरवायच्या मूडमध्ये नसतो, तो म्हणतो मॅडम तुम्ही सांगत जा, मी दाबत जातो. पहिला महिना तसंच करावं लागतं. स्वतःची डायरी काढून "आज मला हे विचारायचं आहे" असं म्हणायला तो लागतो, पण नंतर, आणि काही जण शेवटपर्यंत नाही लागत. त्यांना नापास थोडीच करणार आहोत.

काही गोष्टी कुठल्या कोर्समध्ये सांगत नाहीत. समोरच्याच्या हातातून माऊस घ्यायचा नाही. कितीही हळू चालू दे, कितीही जीव खाली-वर होऊ दे, आपण फक्त तोंडाने सांगायचं. एकदा माऊस घेतला की तो माणूस हात मांडीवर ठेवतो आणि मग उचलतच नाही. दुसरं, "समजलं का?" विचारायचं नाही, सगळे हो म्हणतात. त्यापेक्षा म्हणायचं, उद्या तुमच्या दुकानाची पाच बिलं घेऊन या. आणि तिसरं, मालक आणि त्याचाच नोकर एका बॅचमध्ये घ्यायचे नाहीत, मालक तोंड उघडत नाही कारण आपल्याला येत नाही हे दिसेल आणि नोकर उघडत नाही कारण आपल्याला जास्त येतं हे दिसेल.

आता त्या अटीकडे येते, काम सोडू नका म्हटलं ते.

३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी कौन्सिलने दर बदलले, २२ तारखेपासून लागू. १२ आणि २८ चे स्लॅब जवळपास गेलेच, बऱ्याच वस्तू ५ आणि १८ वर आल्या. २२ ला घटस्थापना. सिझन तोंडावर आणि वर्गात मेडिकलवाले, हार्डवेअरवाले, किराणावाले सगळे. सिमेंट २८ वरून १८, साबण-टूथपेस्ट-बिस्किट १८ वरून ५, बहुतेक औषधं १२ वरून ५. सिलॅबस गुंडाळून ठेवला. प्रश्नांचा नुसता पाऊस. "मॅडम, गोडाऊनमध्ये १८ नं घेतलेला माल पडून आहे, तो आता ५ नं विकू काय? मंग माझे वरचे पैसे बुडाले काय?" विक्रीच्या तारखेला जो दर तो लावायचा, आणि आधी भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट तुमच्या लेजरमध्ये आहे तसंच राहतं, पुढच्या विक्रीच्या टॅक्समधून वजा करा. "आन् ऑगस्टमध्ये विकलेला माल आता वापस आला तर?" क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी केल्याची चिठ्ठी, जुन्याच दराने, कारण ती जुन्या बिलाची आहे. "आणि टॅलीत प्रत्येक आयटम उघडून बदलायचा?" नाही, ग्रुपवर लावा, तारीख टाकून, जुनी बिलं हलणार नाहीत.

हे मला तोंडावर सांगता आलं कारण त्याच आठवड्यात मी माझ्या स्वतःच्या चार क्लायंटचे मास्टर बदलत बसले होते, रात्री दीडपर्यंत. नोट्समध्ये हे नव्हतं, असणार कुठून? एक सर आहेत, नाव घेत नाही, चांगले शिकवायचे एकेकाळी. नोकरी सोडून फुलटाइम क्लास घेतात. त्यांच्या नोट्स २०१७-१८ च्या आहेत आणि त्यात अजून जीएसटीआर-२बी चा, म्हणजे सप्लायरच्या बिलांवरून आपल्याला किती क्रेडिट मिळतं ते दाखवणाऱ्या स्टेटमेंटचा, पत्ता नाही, तो २०२० मध्ये आला. शॉर्टकट अजून टॅलीच्या जुन्या ईआरपी ९ व्हर्जनचे. विद्यार्थी आपल्या ऑफिसात जाऊन ते दाबतात आणि भलतंच काहीतरी उघडतं. सर हुशार आहेत, पण ज्या दिवशी त्यांनी रिटर्न भरणं सोडलं त्या दिवसापासून त्यांचं ज्ञान फ्रिजबाहेरच्या दुधासारखं झालं, आणि आमच्या धंद्यात तर ऊन नागपूरचंच.

म्हणून माझं म्हणणं, टेक्नॉलॉजीने तुमचं काम निम्मं केलं असेल तर उरलेलं निम्मं घट्ट धरून ठेवा. बँकवाल्यांनी एखाद्या पतसंस्थेचं काम बघावं, स्टोअरवाल्यांनी छोट्या युनिटचा स्टॉक सांभाळावा, डीटीपीवाल्या भाऊंना तर मी म्हटलं की लग्नपत्रिकांची कामं सोडू नका, कस्टमर आता काय मागून राहिला ते तिथेच कळतं. शिकवणं हे त्याच्या बाजूला.

पैशाचं विचारता म्हणून सांगते. क्लासच्या फीमधला टक्का आणि क्लायंटचे रिटर्न मिळून माझ्या जुन्या पूर्ण पगाराच्या थोडं खालीच येतं, आणि दर महिन्याला सारखं येत नाही. स्वतःचा क्लास काढायचा तर भाडं, कॉम्प्युटर, लाइटबिल, आणि हो, खाजगी कोचिंगवर १८ टक्के जीएसटी आहे, वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की रजिस्ट्रेशन. जीएसटी शिकवणारे किती जण हे विसरतात ते सांगितलं तर हसाल. सर्टिफिकेटचं म्हणाल तर कुठे शिकवायचं त्यावर आहे. सरकारी आयटीआयमध्ये इन्स्ट्रक्टर व्हायचं तर सीआयटीएस नावाचा वर्षभराचा कोर्स बघतात, स्किलच्या योजनांच्या सेंटरवर टीओटी, म्हणजे ट्रेनरचं ट्रेनिंग, झालेला ट्रेनर लागतो. खाजगी इन्स्टिट्यूटला काहीच लागत नाही, हे चांगलं आहे की वाईट ते तुम्हीच ठरवा.

एआयचं विचारल्याशिवाय आता कोणाचा फोन संपत नाही. माझ्या वर्गात मोबाइल बंद ठेवा असं नाही. उलट मी प्रश्न देते आणि म्हणते विचारा त्याला. एकदा दिला, स्टाफच्या जेवणाच्या बिलावरचा जीएसटी क्रेडिटमध्ये घेता येतो का? मशीनने एकदम छान भाषेत सांगितलं की हो, धंद्यासाठीचा खर्च आहे, घेता येतो. कायद्यात कलम १७(५) मध्ये खाण्यापिण्याचं क्रेडिट अडवलेलं आहे, काही अपवाद सोडून, म्हणजे एखाद्या कायद्याने स्टाफला जेवण देणं तुमच्यावर बंधनकारकच असेल तर गोष्ट वेगळी. निम्म्या वर्गाने मशीनचं उत्तर उतरवून घेतलं. दिवाणजी काकांनी मात्र हात वर केला. "आमच्या मालकानं घेतलं होतं, नोटीस आली होती." कलम त्यांना माहीत नव्हतं, नोटीस माहीत होती. तीच मशीन उधारी वसुलीचं पत्र मात्र इतकं सुंदर लिहून देते, मराठीत, हिंदीत, पार्टी बघून कडक नाहीतर गोड, की आता काकाही तिच्याकडूनच लिहून घेतात आणि मग दोन ओळी स्वतःच्या घालतात.

मला खरी काळजी आहे ती तरुण पोरींची. वीस-बावीसच्या, बी.कॉम. झालेल्या, घरून फी मागून आणलेली. त्यांना टॅली ऑपरेटर व्हायचं असतं, म्हणजे बसून एंट्र्या टाकायच्या, आणि नेमकं तेच काम माझ्या डोळ्यांसमोर माझ्याच ऑफिसातून गेलं. काकांकडे निदान नवाचा भागाकार आहे, नोटीस आठवते. हिच्याकडे काय आहे? मोठ्यांसोबत एका बॅचमध्ये बसवते तेव्हा तिला ते थोडं थोडं मिळतं, म्हणून मी वयाप्रमाणे बॅचेस पाडायला विरोध करते. आणि नुसती एंट्री शिकवणं मी बंद केलं. २बी शी पर्चेस जुळवायचं, सप्लायरला फोन करून विचारायचं की तुमचं बिल का दिसत नाही, मशीनने टाकलेल्या एंट्रीतली चुकीची शोधून काढायची, बँकेत जाऊन भांडायचं, हे शिकवते. याला वेळ लागतो, चार महिने तरी.

इन्स्टिट्यूटवाल्या बाईंना ते परवडत नाही. खाली रस्त्यावर त्यांचा बोर्ड आहे, ४५ दिवसांत टॅली आणि जीएसटी, आणि ऍडमिशन त्या बोर्डावरच होतात. त्या म्हणतात चार महिने वाचलं की पोरी वरच चढणार नाहीत, समोरच्या क्लासला जातील. त्यांचंही चूक नाही, भाडं त्यांना भरायचं आहे. मी म्हटलं मग ४५ दिवसांवाली बॅच दुसऱ्या कोणाला द्या, मी घेणार नाही. त्यावरून आमचं बोलणं थोडं ताणलेलं आहे सध्या, एप्रिलच्या ऍडमिशनच्या आत काहीतरी ठरवावं लागेल. तोवर ज्यांना खरंच यायचं आहे त्यांनी सकाळच्या बॅचला मागे येऊन बसा आठवडाभर, फी नाही. फक्त ११ आणि २० तारखेच्या आसपास येऊ नका, त्या दिवसांत माझेच रिटर्न बाकी असतात आणि वर्ग दिवाणजी काका घेतात.